जांभ्याच्या भिंती, सागाची पानं आणि वाय-फाय: पसरलेल्या जागेत मेश नेटवर्क कसं उभारायचं

कोकणातल्या जागेची मांडणी साधारण ठरलेली. रस्त्याला गेट आणि राखणदाराची खोली, तिथून शंभरेक मीटर आत घर, घरामागे परसात पाहुण्यांसाठी बांधलेल्या तीन-चार खोल्या आणि बाजूला पत्र्याची जेवणाची शेड. फायबर येतो तो माजघरातल्या टीव्हीखाली. मालकाची मागणी एकाच वाक्यात संपते, ‘सगळीकडे नेट पाहिजे.’ हा लेख अशा जागेसाठी आहे. होमस्टे असो, आंब्याचं पॅकिंग चालणारं बागायतदाराचं घर असो की दोन इमारतींत विभागलेली शाळा, पायऱ्या त्याच.

दुकानात गेलात की तीन डब्यांचा मेशचा खोका पुढे येतो. ‘लावा कुठेही, आपोआप जोडतं.’ जोडतं, यात खोटं काही नाही. किती वेगाने जोडतं आणि जुलैत टिकतं का, हे खोक्यावर छापलेलं नसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: मेश हा तार जिथे खरोखर जात नाही तिथला उपाय आहे. पाच ॲक्सेस पॉइंटच्या (म्हणजे वाय-फाय देणाऱ्या डब्यांच्या) कामात बिनतारी दुवा एक किंवा फार तर दोन असावेत. बाकी सगळे तारेवर.

हे असं का

मेशमध्ये एक ॲक्सेस पॉइंट तारेने राउटरला जोडलेला असतो, त्याला रूट म्हणतात. बाकीचे नोड त्याच्याशी हवेतून बोलतात आणि आपल्याजवळच्या मोबाईलना सिग्नल देतात. दोन ॲक्सेस पॉइंटमधला हा मागचा दुवा म्हणजे बॅकहॉल. जुन्या रिपीटरपेक्षा यात फरक असा की नोड एकमेकांना ओळखतात, रस्ता बंद झाला तर दुसरा शोधतात आणि सगळ्यांची सेटिंग एका ठिकाणाहून होते.

पण रेडिओचा धर्म बदलत नाही. एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलू शकतो. साकवावरून एका वेळी एकच माणूस जातो तसं. नोडला रूटकडून आलेला डेटा आधी ऐकायचा आणि मग त्याच ५ गिगाहर्ट्झच्या (वाय-फायच्या वेगवान पट्ट्याच्या) रेडिओवरून मोबाईलला पुन्हा सांगायचा. म्हणजे वेग साधारण अर्धा. आणखी एक उडी, म्हणजे मधे आणखी एक नोड, घेतलीत की तो आणखी घसरतो. मोबाईल २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर ही विभागणी टळते, पण २.४ चा स्वतःचा वेगच कमी. तीन रेडिओंचे ॲक्सेस पॉइंट मिळतात, त्यांत एक रेडिओ बॅकहॉललाच राखून ठेवता येतो. बजेट असेल तर जरूर घ्या. दोनपेक्षा जास्त उड्यांची योजना मात्र कागदावरच खोडा.

जाता जाता: या तंत्राचं ८०२.११एस हे मानक २०११ साली आलं. त्याच्या मसुद्यावर चालणारी मेश त्याआधीच ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ योजनेच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये होती, आणि त्या योजनेचा भारतातला सुरुवातीचा प्रयोग झाला तो रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत, २००७ मध्ये.

पहिली पायरी: कागद, मोबाईल आणि एक काठी

जागेचा ढोबळ नकाशा काढा. भिंती कशाच्या आहेत ते लिहा. जांभ्याची भिंत जाड असते आणि पावसात ओल धरते. अशा दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झची आशा ठेवू नका. सळयांचा स्लॅब, पत्रा, आरशाचं कपाट, पाण्याची टाकी, लोखंडी ग्रिल हे सगळं नकाशावर यायला हवं. पत्र्याची शेड म्हणजे जवळपास बंद डबाच: बाहेरचा सिग्नल आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. तिला स्वतःचा ॲक्सेस पॉइंट लागतोच.

मग मोजणी. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप टाका. फोनवरच्या कांड्या मोजू नका, सिग्नलची ताकद सांगणारा डीबीएमचा आकडा बघा. हा आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. मोबाईलसाठी उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या खाली फोन जोडलेला दिसतो, पण पान उघडत नाही. बॅकहॉलसाठी निकष कडक ठेवा: उणे ६५ किंवा त्याहून चांगला. तीन डीबी कमी झाले की ताकद निम्मी होते, हे लक्षात असू द्या. उणे ६५ आणि उणे ७१ दिसायला जवळ वाटतात, प्रत्यक्षात चौपट फरक आहे.

घेणार आहात तोच ॲक्सेस पॉइंट एका बांबूला बांधा, एक्स्टेंशन बोर्डवरून वीज द्या, जिथे बसवायचा तिथे उभा करा आणि दुसऱ्या टोकाला जाऊन मोजा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. हे न करता भिंतीला भोकं पाडणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या भिंतींना भोकंही पुष्कळ असतात.

आता सागाची गोष्ट. गेट आणि घर यांच्या मध्ये सागाची रांग असेल आणि तुम्ही एप्रिलमध्ये मोजणी केलीत, तर आकडा सुरेख येईल, कारण तेव्हा साग उघडा असतो. जुलैत तीच झाडं हातभर रुंद, पाण्याने निथळणाऱ्या पानांनी भरतात आणि ५ गिगाहर्ट्झला ओली पानं अजिबात मानवत नाहीत. आंबा-फणस बारमाही हिरवे, त्यामुळे तिथे निदान उन्हाळ्यात फसवणूक होत नाही; ओलीचा हिशेब मात्र धरावा लागतो. झाडांमधून जाणाऱ्या दुव्याला उन्हाळ्यात उणे ५५ मिळत असेल तरच हात घाला, नाहीतर जागा बदला.

दुसरी पायरी: तार कुठे, हवा कुठे

आपल्या नमुन्याच्या जागेत घरापासून मागच्या खोल्या चाळीस मीटर आणि शेड पंचवीस मीटर असं धरू. दोन्ही तारेच्या टप्प्यात. गेट सरळ रेषेत शंभर मीटर, पण तार गडग्याच्या कडेने वळवून नेली की सव्वाशे भरते. इथरनेटच्या तांब्याच्या तारेची मर्यादा शंभर मीटरच. खाली कातळ, खोदायचं तर ब्रेकर लागणार. तेव्हा गेटचा नोड बिनतारी. एवढीच मेश.

दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टाकण्याआधी विजांचा विचार करा. मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात कोकणात कडकडाट किती असतो ते सांगायला नको. वीज थेट पडायलाच हवी असं नाही; जवळ कुठे पडली तरी लांब तारेत झटका तयार होतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जातात. म्हणून इमारत ते इमारत फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरवरचा सिग्नल तांब्याच्या तारेवर आणणारी डबी) किंवा फायबरचं पोर्ट असलेला स्विच लावा. काचेतून वीज जात नाही. केबल घेताना एकच विचारा: आत आधाराला स्टीलची तार आहे का? घरोघरी ओढतात त्या केबलमध्ये बऱ्याचदा असते. असली तर ती इमारतीत शिरण्याआधी बाहेरच वेगळी करून कापायची, किंवा बिनधातूची केबल घ्यायची.

घराच्या आतली तार कॅट-६, शुद्ध तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार याच नावाने विकतात. चाकूने कंडक्टर खरवडला की आतली पांढरी धातू दिसते. तारेतूनच वीज द्यायची असेल तर ही तार गरम होते, व्होल्टेज पडतं आणि ॲक्सेस पॉइंट रात्री-बेरात्री आपला आपण रीस्टार्ट होत बसतो.

तिसरी पायरी: खरेदी

फ्लॅटसाठी तीन डब्यांचा घरगुती संच पुरतो. पसरलेल्या जागेला कंट्रोलरवर, म्हणजे सगळ्यांची सेटिंग एका जागेवरून सांभाळणाऱ्या यंत्रावर, चालणारे ॲक्सेस पॉइंट घ्या: टीपी-लिंकचं ओमाडा, युबिक्विटीचं युनिफाय किंवा तशाच दुसऱ्या कुणाचे. सगळे एकाच कंपनीचे हवेत. मानक एक असलं तरी प्रत्येक कंपनीची मेश आपल्या घरापुरती असते. एकाचा नोड दुसऱ्याच्या रूटला ओळखत नाही. मॉडेल मेशला चालतं का हे कंपनीच्या यादीत तपासा, एकाच मालिकेतली काही मॉडेलं त्यात नसतात. कंट्रोलर म्हणजे छोटी पेटी मिळते किंवा जुन्या संगणकावर सॉफ्टवेअर टाकता येतं. मी पेटी सुचवतो. जुना संगणक मे महिन्यात कुणीतरी बंद करतोच.

हौशी माणसाला ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर टाकायचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर, हा रस्ता आहे. त्यात ८०२.११एस थेट मिळतं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर एकत्र बांधता येतात. मूळ फर्मवेअरसोबत (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरसोबत) येणारं वाय-फाय सुरक्षेचं पॅकेज काढून त्या जागी मेशसाठीचं पूर्ण पॅकेज टाकावं लागतं, नाहीतर पासवर्डसह मेश उभीच राहत नाही. होमस्टेच्या मालकाला हे देऊ नका. तुम्ही पुण्याला गेलात की त्याला फोनवर काय सांगणार?

बाहेर बसवायचं यंत्र बाहेरचंच हवं, धूळ-पाण्यापासून संरक्षणाची आयपी६५ किंवा त्याहून वरची खूण असलेलं. वीज देण्यासाठी पीओई स्विच, म्हणजे डेटाच्या तारेतूनच वीजही पाठवणारा. ८०२.३एएफ प्रकारात पोर्टमागे १५.४ वॉट मिळतात आणि बहुतेक ॲक्सेस पॉइंटना तेवढं पुरतं. काही स्वस्त यंत्रं २४ व्होल्टच्या वेगळ्याच पद्धतीने चालतात. ती आणि ही एकमेकांत मिसळू नका.

चौथी पायरी: सगळं आधी टेबलावर

शिडी अजून काढू नका. सगळे ॲक्सेस पॉइंट एका खोलीत टेबलावर मांडा आणि स्विचला तारेने जोडा, गेटचा बिनतारी नोडसुद्धा.

आधी इंटरनेट कंपनीच्या डब्याकडे वळा. त्याचं स्वतःचं वाय-फाय बंद करा, नाहीतर फोन त्यालाच चिकटून राहतात. नेटवर्कमध्ये आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर एकच हवा. तो डबा वाटणार असेल तर आपला राउटर वाटणार नाही, किंवा उलट. दोन वाटपे असले की काही फोनवर नेट चालतं, काहींवर नाही, आणि कारण शोधताना दुपार जाते.

कंट्रोलरमध्ये देश भारत निवडा. मग प्रत्येक ॲक्सेस पॉइंट यादीत दिसेल, तो ‘ॲडॉप्ट’ करून घ्या. लगेच फर्मवेअर अद्ययावत करा. हे तारेवर पाच मिनिटांत होतं, झाडावरच्या नोडवर कटकट होते. नाव द्या: ‘गेट’, ‘शेड’, ‘मागच्या खोल्या’. तेच नाव मार्करने यंत्राच्या पाठीवर लिहा.

वाय-फायची नावं दोनच ठेवा, एक घरचं आणि एक पाहुण्यांचं. सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र. पाहुण्यांच्या नेटवर्कला ‘गेस्ट’ किंवा वेगळ्या व्हीलॅनची (त्याच तारांवरच्या वेगळ्या कप्प्याची) खूण करा, म्हणजे खोली दोनमधल्या पाहुण्याला तुमचे कॅमेरे आणि बिलाचा संगणक दिसणार नाही.

आता मेशचा पर्याय चालू करा, पण फक्त गेटच्या नोडला आणि त्याला जोडून घेणाऱ्या रूटला. तारेवरच्या बाकीच्या ॲक्सेस पॉइंटवर तो बंद ठेवा. शेडची तार उंदराने कुरतडली की शेड गपचूप हवेतून जोडून घेते, नेट रडतखडत चालतं आणि तार तुटल्याचं कित्येक आठवडे कळतच नाही. दुसरा धोका लूपचा: बिनतारी जोडलेल्या नोडला कुणी तारही लावली की तोच डेटा गोल फिरू लागतो आणि सगळं नेटवर्क बसतं. स्विचमध्ये असा लूप ओळखून तोडणारं एसटीपी चालू असू द्या.

शेवटी गेटच्या नोडची डेटाची तार काढून त्याला नुसती वीज द्या. काही मिनिटांत तो कंट्रोलरमध्ये ‘वायरलेस’ म्हणून परत दिसायला हवा. टेबलावर जोडला गेला नाही तर शंभर मीटरवर जोडला जाणार नाही.

पाचवी पायरी: चॅनेल

मेशमध्ये ‘ऑटो’ चॅनेलवर विसंबू नका. रूटचं चॅनेल स्वतः ठरवा. बिनतारी नोड त्याच्या मागे जातो.

आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त झाला: ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ. यातली ५२ ते १४४ ही चॅनेलं रडारबरोबर वाटून घ्यायची आहेत. ॲक्सेस पॉइंटला रडारची चाहूल लागली की त्याला ताबडतोब चॅनेल सोडावं लागतं आणि नव्या चॅनेलवर जाण्याआधी सहसा मिनिटभर कान देऊन बसावं लागतं. तेवढ्यात मागचा नोड तुटतो. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड रडार आहे. अशा रडारच्या किंवा विमानतळाच्या आसपास हा त्रास जास्त. बॅकहॉलला ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतलंच चॅनेल द्या. रूट ३६ वर असेल तर तारेवरच्या शेजारच्या ॲक्सेस पॉइंटला १४९ द्या, म्हणजे ते एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत.

चॅनेलच्या रुंदीचा मोह आवरा. कनेक्शन १०० एमबीपीएसचं असेल तर ८० मेगाहर्ट्झ कशाला? साध्या दोन अँटेनांच्या वाय-फाय ५ च्या यंत्राला ४० मेगाहर्ट्झवर कागदोपत्री ४०० चा दुवा मिळतो, हातात दोनशेच्या आसपास येतात आणि उडीत निम्मे झाले तरी शंभर उरतात. शिवाय रुंदी निम्मी केली की गोंगाटाविरुद्ध तीन डीबी फुकट मिळतात. गोव्याच्या कुळागरातल्या किंवा सिंधुदुर्गातल्या ओल्या झाडीत ते तीन डीबी मोलाचे आहेत. २.४ वर कायम २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११.

सहावी पायरी: आता शिडी

दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत. नुसती दिसून भागत नाही, मधल्या रेषेभोवती मोकळी जागा लागते. शंभर मीटरच्या दुव्याला मध्यावर ती सव्वा मीटरच्या आसपास भरते. म्हणजे गडग्याला घासून किंवा फांदीखालून जाणारी रेषा चालणार नाही. रेषा मोकळी असेल आणि दोन्हीकडे पाच डीबीआयच्या (डीबीआय म्हणजे अँटेनाच्या जोराचं माप) साध्या अँटेना असतील, तर शंभर मीटरवर हिशेबाने उणे ५७ च्या जवळपास सिग्नल येतो. तुमचा आकडा याहून दहा-पंधरा डीबीने खाली असेल तर मधे काहीतरी आहे. वर चढून बघा.

काठीसारख्या अँटेना उभ्याच ठेवा. त्या सिग्नल आडवा फेकतात, त्यामुळे बरोब्बर खांबाखाली उभ्या असलेल्या माणसाला तो कमीच मिळतो. फार उंच चढवलात तर राखणदाराच्या खोलीतच नेट नसेल. तीन ते चार मीटर उंची बहुतेक ठिकाणी जमते. पागोळीच्या धारेत किंवा पत्र्याला चिकटवून बसवू नका.

तार यंत्रात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, तारेवरून आत जाणार नाही. यंत्राबरोबर आलेला रबरी ग्लँड टाकून देऊ नका, त्याच वाटेने मुंग्या आत जातात. खिळे-क्लँप स्टेनलेस स्टीलचेच. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड दोन पावसाळे काढत नाही. पीओईचा ॲडॉप्टर खोलीच्या आत ठेवा, वर फक्त तार जाऊ द्या.

सातवी पायरी: खरी चाचणी

फोनवर स्पीड टेस्ट लावून मोकळे होऊ नका. त्यात इंटरनेट आणि आपलं नेटवर्क मिसळलेलं असतं. रूटच्या स्विचला तारेने एक लॅपटॉप जोडा, त्यावर आयपर्फ३ हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर सर्व्हर म्हणून चालवा आणि गेटजवळच्या फोनवरून त्याच्याशी मिनिटभर चाचणी घ्या, दोन्ही दिशांनी. मग राउटरला दोनशे पिंग, म्हणजे उत्तर येतं का ते पाहणारे छोटे संदेश, पाठवा. एक-दोन हरवले तर चालतं. दहा हरवले तर वेग कितीही येऊ दे, कॉल तुटणार. हीच चाचणी संध्याकाळी, सगळे घरी असताना पुन्हा घ्या, आणि पहिल्या मोठ्या पावसात परत एकदा. आकडे कंट्रोलरच्या नोंदीत लिहून ठेवा.

चालता चालता फोन एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जात नाही, ही नेहमीची तक्रार. हा निर्णय फोनचा असतो, ॲक्सेस पॉइंटचा नाही. तुमच्या हातात एवढंच की जुन्याला जास्त मोठ्याने ओरडू द्यायचं नाही. २.४ ची ताकद ५ पेक्षा सहा डीबीने कमी ठेवा आणि सगळ्यांची ताकद ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणा, बॅकहॉल सांभाळणाऱ्या दोघांचा ५ चा रेडिओ तेवढा सोडा. फोनला जवळचा ॲक्सेस पॉइंट सुचवणारे ८०२.११के आणि व्ही हे पर्याय चालू करा. झटपट बदल करवणारा ८०२.११आर जपून, जुने प्रिंटर आणि कार्ड स्वाइपची यंत्रं त्यावर रुसतात.

वीज आणि पावसाळा

बिनतारी नोडला डेटाची तार लागत नाही, विजेची लागतेच. घरातला इन्व्हर्टर गेटपर्यंत पोचत नसेल तर लाइट गेली की गेट मेलं. तिथे छोटा डीसी यूपीएस बसवा. दहा वॉटच्या नोडला चार तास म्हणजे फक्त चाळीस वॉट-तास, पण ॲक्सेस पॉइंटला लागणारं व्होल्टेज त्यातून मिळतं का ते आधी बघा. घरात फायबरचा डबा, स्विच आणि कंट्रोलर हे तिघंही इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेत. एक जरी राहिलं तरी बाकीच्या बॅकअपचा उपयोग नाही. अर्थिंग नीट नसेल तर सर्ज प्रोटेक्टर नुसता शोभेचा.

फर्मवेअर अद्ययावत करताना सगळ्यात लांबचा नोड आधी, रूट शेवटी. आधी रूट बदलून जुन्या फर्मवेअरवरचा नोड त्याच्याशी बोलेनासा झाला, तर शिडी पुन्हा काढावी लागते. आणि हे काम पाहुणे असताना शनिवारी रात्री करू नका.

मेच्या शेवटी एक फेरी मारा: ग्लँड, क्लँप, तारेचा झोल, वाढलेल्या फांद्या. कंट्रोलरमध्ये गेटच्या दुव्याचा आजचा डीबीएम बघून बसवलेल्या दिवसाच्या आकड्याशी ताडा. पाच डीबी खाली गेला असेल तर कोयता घेऊन फांदी छाटायची वेळ आताच आहे, जुलैत त्या झाडावर कोणी चढणार नाही.